सगळे हप्त्यावर आहेत म्हणजे देश जोरात आहे का?

सदाशिवकर

परवा लक्ष्मी रोडला गेलो होतो, बायकोच्या पाटल्या पॉलिशला टाकायच्या होत्या. सराफ म्हणाला अर्धा तास लागेल, बसा. त्याच्याच वरच्या मजल्यावर सोनेतारण कर्ज देणाऱ्यांचं ऑफिस आहे आणि तिथली रांग जिना उतरून खाली दुकानाच्या दारापर्यंत आलेली. खाली सोनं घ्यायला आम्ही तिघं, वर सोनं ठेवायला वीस-पंचवीस माणसं. मी आपला चौकशीच्या निमित्ताने वर गेलो आणि बाकावर टेकलो.

समोर एक बाई, पस्तिशीची असेल. पर्समधून कागदाची पुडी काढली, त्यात मंगळसूत्र. काउंटरवरच्या पोराने ते दगडावर घासलं, वर थेंब टाकला, रंग बघितला, मग तराजू. "काळे मणी अन् दोरा सोडून अठरा ग्रॅम धरतो ताई." सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलंय त्यामुळे तो म्हणाला एवढ्यावर लाखाच्या पुढं बसेल, घ्या की. ती म्हणाली, "नको, शाळेची फी साठ हजार आहे, तेवढेच द्या." पाकीट सील झालं, तिची सही झाली, पर्समधलं बेन्टेक्सचं काढून तिने तिथंच गळ्यात घातलं आणि जिना उतरून गेली.

घरी आल्यावर हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणतो, मामा, लोक कर्ज काढतायत म्हणजे लोकांना उद्याची खात्री आहे, बँका देतायत म्हणजे बँकांनाही खात्री आहे, हे तर तब्येत चांगली असल्याचं लक्षण. मला काही हे पटलं नाही म्हणून इथे टाकतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे घराघरांवरचं एकूण कर्ज जीडीपीच्या ४२ टक्क्यांच्या आसपास आहे. रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात दिलंय की कर्जदारामागे सरासरी कर्ज मार्च २०२३ ला ३.९ लाख होतं ते मार्च २०२५ ला ४.८ लाख झालं. दोन वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा वाढ! आणि २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास आली होती, कित्येक दशकांतली नीचांकी. पगार काही त्या वेगाने वाढलेले मला दिसत नाहीत, मग ही तब्येत आहे का ताप आहे? मला तर तापच वाटतो.

हिंजवडी_फेज३

काका, एका जिन्यावरून देशाचं निदान करू नका. ऑस्ट्रेलिया आणि स्वित्झर्लंडमध्ये घरगुती कर्ज जीडीपीच्या १०० टक्क्यांच्या वर आहे, ते देश काय तापाने फणफणलेत का? तुम्हाला जायचं असेल तर व्हिसासाठी त्याच देशांच्या दारात रांग लावाल, आणि ती रांग तुमच्या जिन्यापेक्षा मोठी असते.

तुम्ही ते ३.९ चं ४.८ झालं सांगितलंत पण त्याच अहवालात पुढे काय लिहिलंय ते सोडलंत. ही वाढ मुख्यतः चांगलं रेटिंग असलेल्या कर्जदारांमुळे आहे. म्हणजे ज्यांची फेडायची ऐपत आहे तेच जास्त घेतायत. आणि बचतीचं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ मध्ये हाच आरडाओरडा झाला तेव्हा अर्थखात्याने उत्तर दिलेलं की लोक एफडीत टाकायच्या ऐवजी घर आणि गाडी घेतायत, बचत गेलेली नाही, तिने रूप बदललंय.

माझ्या बाबांनी बावन्नाव्या वर्षी घर घेतलं, पीएफ काढून, तोपर्यंत तीन भाड्याची घरं बदलली, दरवर्षी मालक काय म्हणतो ही धाकधूक. मी एकोणतिसाव्या वर्षी पुनावळ्यात टूबीएचके घेतला, कर्जावर. कर्ज नसतं तर मीपण बावन्न होईपर्यंत थांबलो असतो. यात आजार कुठे आहे मला कळत नाही. जुन्या पिढीला कर्ज म्हटलं की सिनेमातला सावकारच दिसतो.

गुळाचा_चहा

हिंजवडीला +१. ज्या देशात कुणाला कर्ज मिळत नाही तो देश निरोगी नसतो, गरीब असतो.

तिसरा_काउंटर

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, म्हणून बोलतो. दोघंही ४२ टक्के या आकड्यावरून भांडताय आणि आकडा मुळात भांडणाच्या लायकीचा नाही. कारण हप्ता जीडीपी भरत नाही, हप्ता पगार भरतो.

ऑस्ट्रेलियातलं कर्ज बहुतेक घराचं असतं, पंचवीस-तीस वर्षांचं. आपल्याकडे मार्च २०२५ च्या आकड्यांत घरकर्जाचा वाटा २९ टक्के आणि घराशिवायची जी किरकोळ कर्जं, म्हणजे पर्सनल लोन, कार्ड, गाडी, सोनं वगैरे, त्यांचा जवळजवळ ५५ टक्के. आता कागद-पेन्सिल घ्या. एक लाख घरकर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता येतो ८६८ रुपये. तेच एक लाख पर्सनल लोन, चौदा टक्के, तीन वर्षं, हप्ता ३,४१८. कर्ज तेवढंच पण महिन्याला खिशातून जातात चौपट. म्हणून आपले ४२ टक्के त्यांच्या त्याहून मोठ्या आकड्यासारखे टोचू शकतात. बाझेलची बीआयएस, म्हणजे मध्यवर्ती बँकांची बँक, म्हणूनच नुसतं कर्ज न बघता मिळकतीतला किती हिस्सा व्याज-मुद्दलात जातो तेही काढत असते.

काउंटरवर आम्हीही हेच करायचो. माणूस समोर बसला की त्याच्यावर एकूण कर्ज किती हे नंतर, आधी पगारपत्रक बघून हातात किती येतात आणि हप्त्यात किती जातात. निम्म्याच्या वर गेलं की साहेब सही करताना चष्मा पुसायला लागायचे.

हिंजवडी_फेज३

@तिसरा_काउंटर, हे मान्य, पण यातून "ताप" कसा सिद्ध होतो? यातून एवढंच सिद्ध होतं की आपल्याकडे कर्ज महाग आणि कमी मुदतीचं आहे. म्हणजे आजार कर्जाचा नाही, व्याजाचा.

भोसरी_एमआयडीसी

मी जरा वेगळंच सांगतो. माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, एक जुनी लेथ, सहा माणसं. प्रोप्रायटरशिप, म्हणजे कंपनी वगैरे काही नाही, मी म्हणजेच फर्म. आता गंमत बघा, रिझर्व्ह बँकेच्या हिशोबात "घरगुती क्षेत्र" म्हणताना माझ्यासारखे प्रोप्रायटर आणि छोट्या भागीदारी फर्म पण त्यातच धरतात. म्हणजे मी मशीनसाठी काढलेलं कर्ज आणि शेजाऱ्याने टीव्हीसाठी काढलेलं कर्ज एकाच डब्यात. मशीनच्या कर्जावर सहा घरं चालतात, टीव्हीवर सिरियल चालते.

आणि उलटंपण होतं. मोठ्या गिऱ्हाइकाकडून बिल यायला नव्वद दिवस, कधी एकशेवीस. कायद्यात पंचेचाळीस दिवस लिहिलंय, ते कायद्यात. पोरांचा पगार दहा तारखेला द्यायचाच असतो तेव्हा मी काय करतो, मोबाईलवर पर्सनल लोन घेतो, दहा मिनिटांत खात्यात. बँकेच्या कागदावर ते "वैयक्तिक खर्च". म्हणजे माझ्या घरी कोणी उधळपट्टी करत नाहीये, मोठी कंपनी माझ्या पैशावर तीन महिने बसलीय आणि तिचं खेळतं भांडवल मी माझ्या पॅनकार्डवर पुरवतोय. आता सांगा हे कुणाच्या तब्येतीचं लक्षण.

गुळाचा_चहा

भोसरी, हे वाचून गप्प बसलो राव.

अंथरूण_पाहून

सगळं मान्य पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाहीये. ऋण काढून सण! दर दोन वर्षांनी फोन बदलायचा, गोवा ईएमआयवर, लग्न ईएमआयवर. आमच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात उधारीची वही ठेवली नाही, किराणासुद्धा रोख. आजकालच्या पोरांना "नो कॉस्ट" म्हटलं की फुकटच वाटतं.

फुलराणीचा_डबा

@अंथरूण_पाहून, नो कॉस्टचं बरोबर आहे, गेल्या दिवाळीत मी फ्रिज घेतला तेव्हा बिल नीट बघितलं. रोखीने घेतला तर दोन हजार सूट, ईएमआयवर सूट नाही, वर कार्डवाल्यांची प्रोसेसिंग फी आणि जे व्याज "माफ" केलंय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र आपण भरायचा. नसलेल्या व्याजावर असलेला टॅक्स, असो.

पण बाकी तुमचं पटत नाही. त्या जिन्यावरची बाई कुठला सण साजरा करत होती? आणि पूर्वी सगळे रोखीने जगायचे हेही काही खरं नाही, आपल्याच पुणे जिल्ह्याचा इतिहास उघडून बघा. सुपे, आत्ताच्या बारामती तालुक्यातलं, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. पण मागत काय होते? पैसे नाही, दागिने नाही, कागद! कर्जखतं, रोखे, खातेवह्या. जिथे मिळाले तिथे त्यांची होळी केली. हे लोण मग नगर जिल्ह्यातही पसरलं, इंग्रजांनी कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

पण या धाग्यासाठी महत्त्वाचं आहे ते त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीचं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस हवा झाला, भाव चढले. सावकार तेव्हा शेतकऱ्याला हाका मारून कर्ज देत होते. तेव्हा जर कुणी भीमथडीतलं घरगुती कर्ज मोजलं असतं तर तो आकडा मस्त चढता दिसला असता, आणि सदाशिवकरांच्या भाच्यासारखा एखादा म्हणाला असता की बघा, लोकांना उद्याची खात्री आहे. १८६५ ला युद्ध संपलं, कापूस पडला, त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवलेला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. जुनं फेडायला नवीन मिळेना. दहा वर्षांत सुपे पेटलं.

म्हणून मला कर्ज वाढतंय याची भीती कमी वाटते आणि कुठल्या भावाच्या भरवशावर वाढतंय याची जास्त. तेव्हा कापूस होता, आत्ता सदाशिवकरांच्या जिन्यावर सोनं आहे.

हिंजवडी_फेज३

इतिहास भारी आहे, खरंच माहीत नव्हतं, सुप्यावरून कितीदा गेलोय. पण दीडशे वर्षांपूर्वी ना रिझर्व्ह बँक होती ना कर्जदारांची नोंद ठेवणारं सिबिल. आता नोव्हेंबर २०२३ चं बघा. विनातारण कर्जं फार वेगात वाढतायत हे दिसल्यावर रिझर्व्ह बँकेने त्यावरचं जोखीम-वजन १०० वरून १२५ टक्के केलं, म्हणजे बँकांना अशा कर्जामागे जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. ती वाढ त्यानंतर मंदावलीच. भीमथडीत असं ब्रेक दाबणारं कोण होतं?

दुसरं, कर्जबाजारी असणं आणि मागास असणं याचं नातं तुम्ही समजताय त्याच्या उलट आहे. सरकारचा २०१९ चा कर्ज-गुंतवणूक सर्व्हे बघा. गावांत ३५ टक्के कुटुंबं कर्जात, शहरांत फक्त २२.४ टक्के. पण गावातल्या कुटुंबामागे सरासरी कर्ज ५९,७४८ रुपये आणि शहरात १,२०,३३६. आणि कर्जात असलेल्या कुटुंबांचं प्रमाण जास्त कुठे, तर केरळ, आंध्र, तेलंगणा असल्या राज्यांत. केरळ आजारी आणि जिथे कर्ज कमी ती राज्यं ठणठणीत, असं म्हणणार का?

तिसरा_काउंटर

आंध्रचं नाव निघालंच आहे तर २०१० विसरू नका. मायक्रोफायनान्सवाल्यांनी, म्हणजे बिनतारण छोटी कर्जं देणाऱ्यांनी, एकाच गल्लीत, एकाच बाईला चार-चार कर्जं दिली, पहिलं फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं. वसुलीचा तगादा, आत्महत्यांच्या बातम्या, ऑक्टोबर २०१० ला राज्य सरकारचा वटहुकूम आणि वसुली जवळजवळ ठप्प. मायक्रोफायनान्सच्या कर्जांत आंध्र तेव्हा देशात आघाडीवर होतं बरं का.

आणि ब्रेकचं म्हणाल तर त्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमातून घरकर्ज, शैक्षणिक, वाहन आणि सोनेतारण वगळलेलं होतं. आता पाणी कुठून वाट काढतं ते सांगायला इंजिनीयर लागत नाही. इकडे पर्सनल लोन अवघड झालं आणि तिकडे सोन्याचा भाव वर जायला लागला, मग बँकांची सोनेतारण कर्जं किती वेगाने वाढली ते रिझर्व्ह बँकेच्या दर महिन्याच्या आकड्यांत दिसतं. सगळी वाढ अडचणीतून आलीय असं नाही म्हणणार मी, भाव चढला की तेवढ्याच बांगडीवर जास्त मिळतात, काही ठिकाणी शेतीकर्जातली खाती नुसती इकडून तिकडे दाखवली गेलीत. पण सदाशिवकरांचा जिना अगदीच हवेतला नाही.

एक अभ्यासाचं सांगतो. अतिफ मियां, अमीर सूफी आणि एमिल व्हर्नर या अर्थतज्ज्ञांनी तीस देशांचे १९६० ते २०१२ चे आकडे तपासले. त्यात निघालं की घरगुती कर्ज जीडीपीच्या मानाने भराभर वाढलं की पुढची काही वर्षं वाढीचा दर खाली येतो. आयएमएफनेही २०१७ मध्ये असंच सांगितलं, आधी खर्च वाढतो, रोजगार वाढतो, आणि तीन ते पाच वर्षांनी तेच अंगावर येतं. म्हणजे भाचाही बरोबर आणि मामाही बरोबर, फक्त भाचा आज बरोबर आणि मामा तीन वर्षांनी.

हिंजवडी_फेज३

वा, म्हणजे मामाला तीन वर्षं काही सिद्ध करायलाच नको, सोयीचं आहे.

भीमाकाठ

सगळी चर्चा वाचली. तुमच्या ४२ टक्क्यांत आमच्याकडचं कर्ज आहे का ते आधी सांगा. मी दौंडकडचा, आमच्याकडं ऊस तोडायला बीड-नगरकडून मजुरांच्या टोळ्या येतात. टोळी आणणारा मुकादम दिवाळीच्या आधीच कोयत्याला उचल देतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती उचल म्हणजे कर्जच की, पण फेडायचं पैशात नाही, ऊस तोडून. पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तोच मुकादम, त्याच्याकडंच यायचं. हे कुठल्या सिबिलमध्ये दिसतं? भिशी कुठं दिसते? मेव्हण्याकडून घेतलेले वीस हजार कुठं दिसतात? कर्जाचा आकडा कमी म्हणजे कर्ज कमी असं समजू नका, कधीकधी फक्त बँक लांब असते.

हिंजवडी_फेज३

@भीमाकाठ, पण हे तर माझ्याच बाजूचं झालं ना. उद्या त्या कोयत्याला मुकादमाऐवजी बँकेने पन्नास हजार दिले तर देशाचा घरगुती कर्जाचा आकडा वाढेल, आणि त्या माणसाची सुटका होईल. काका म्हणतील ताप आला.

भीमाकाठ

देत असेल तर सांगा, उद्याच पाठवतो फॉर्म भरायला. तारण काय लिहू, कोयता?

सदाशिवकर

दिवसभर बाहेर होतो, आता वाचलं सगळं. भीमाकाठ आणि भोसरी, तुमचं वाचल्यावर ४२ टक्क्यांच्या आकड्यावरचा माझाच जोर कमी झालाय हे कबूल करतो. तरी हिंजवडी, एक विचारू का, राग मानू नका. तुमच्या त्या पुनावळ्याच्या घराचा हप्ता २०२२ नंतर काय झाला?

हिंजवडी_फेज३

राग कसला, आकडेच देतो. २०२२ च्या सुरुवातीला पन्नास लाख घेतले, ६.७ टक्के, वीस वर्षं, हप्ता ३७,८७०. मेमध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढायला सुरुवात झाली ती फेब्रुवारी २०२३ पर्यंत, ४ चा साडेसहा. माझा रेट ९.२. वर्षभराने मुद्दल साधारण एकोणपन्नास लाख बाकी, त्यावर महिन्याचं व्याजच ३७,५०० च्या वर. म्हणजे हप्त्यातले जेमतेम तीनशे रुपये मुद्दलात जाणार. बँकेचा मेसेज आला की हप्ता वाढवा नाहीतर मुदत इतकी लांबते की निवृत्तीच्या पुढे जाते. वाढवला. पंचेचाळीसच्या वर गेला. त्या वर्षी बायकोने गाडीचं नाव काढलं की मी विषय बदलायचो, आणि बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा. नंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की रेट बदलताना हप्ता वाढवायचा का मुदत हे गिऱ्हाइकाला नीट विचारा, पण तोवर आमचं आवरलं होतं.

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो खाली आला, साडेसहाचा डिसेंबर २०२५ ला सव्वापाच झाला, आता जरा श्वास आहे. आणि एवढं सगळं होऊनही घर माझं आहे, त्या घराची किंमत वाढलीय, आणि मी आजही तोच निर्णय घेईन. तुम्ही पुढे काय म्हणणार माहितीय, की तू गाडी घेतली नाहीस, म्हणजे चाकणला एक गाडी कमी विकली गेली, म्हणजे भोसरीला ऑर्डर कमी. बरोबर?

भोसरी_एमआयडीसी

सदाशिवकर म्हणणार नाहीत, मी म्हणतो. २०२३ ला नाही, पण एरवी अगदी अस्संच होतं. वर्कशॉपमध्ये बसून मला रेपो आधी कळत नाही, ऑर्डरचं शेड्यूल कमी झालेलं आधी कळतं.

अंथरूण_पाहून

म्हणजे शेवटी अंथरूण पाहूनच पाय पसरावे.

फुलराणीचा_डबा

अहो पाय तेवढेच आहेत, फ्लोटिंग रेटवाल्यांचं अंथरूणच कोणीतरी ओढतंय. दर दोन महिन्यांनी, रिझर्व्ह बँकेची बैठक झाली की.

सदाशिवकर, आता मी तुम्हाला विचारते. तुमचं स्वतःचं घर कर्जाशिवाय झालं?

सदाशिवकर

पकडलंत. नाही झालं. १९९१ ला धायरीत, तेव्हा तिथे रात्री नऊनंतर रिक्षा यायची नाही, साडेपाचशे स्क्वेअर फूट. ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज होतं, आणि बिल्डरला द्यायचे पहिले चाळीस हजार कमी पडत होते म्हणून याच पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या होत्या. दोन वर्षांनी सोडवल्या. पाकीट उघडून बायकोने आधी वजन करायला लावलं होतं, मला अजून आठवतंय, तो मॅनेजर जरा दुखावलाच.

हिंजवडी_फेज३

काका!! म्हणजे तुम्ही पाटल्या ठेवल्या ती प्रगती आणि त्या ताईंनी मंगळसूत्र ठेवलं तो ताप? तिने तर मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलं. शिक्षण म्हणजे गुंतवणूकच ना, तुमच्या धायरीच्या फ्लॅटपेक्षा मोठी.

सदाशिवकर

मी यावर जिना उतरतानाच विचार केला होता. फरक काढायचाच तर असा निघतो. पाटल्या ठेवल्या त्या एकदाच, घर एकदाच घ्यायचं होतं. त्या बाईचा मुलगा दुसरीत आहे, ती काउंटरवर बोलताना ऐकलं. शाळेची फी पुढच्या जूनलाही येणार, तिसरीची, मग चौथीची. दर वर्षी येणारा खर्च जेव्हा महिन्याच्या कमाईत बसत नाही आणि मंगळसूत्राला जावं लागतं तेव्हा ते घर कर्ज फेडून परत कर्जाला येणार. तुमचा हप्ता वाढला तरी संपण्याची एक तारीख आहे. तिचं काय आहे?

आणि हो, सगळ्यांचं असं असेल असं नाही. त्या रांगेत दोन-तीन जण दुकानदार वाटत होते, सीझनचा माल भरायला आले असतील, त्यांचं मजेत चाललेलं असू शकतं. रांग एकच होती पण, आणि मोजणारा माणूस मोजताना पंचवीस असंच लिहिणार.

हिंजवडी_फेज३

हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्येच लिहिलं असतंत तर मी एवढं टाईप केलं नसतं. तरी मला वाटतं तुम्ही फीवर चिडायला हवं, कर्जावर नाही. दुसरीला साठ हजार हा मुख्य प्रॉब्लेम आहे. कर्ज मिळालं नसतं तर पोराची शाळा गेली असती.

तिसरा_काउंटर

किंवा शाळेला फी कमी करावी लागली असती. सगळ्यांना कर्ज मिळतं म्हणूनही भाव चढतात, पुण्यातले फ्लॅट बघा ना.

हिंजवडी_फेज३

@तिसरा_काउंटर काका, या एका बाबतीत तुम्ही सिनियर आहात म्हणून सोडतो.

भोसरी_एमआयडीसी

चर्चा मस्त चाललीय, जरा अवांतर विचारू का. ते जिन्यावरचं ऑफिस रेट काय सांगत होतं? या महिन्यात दोन बिलं अडकलीत, सव्वादोन लाखांचं बघतोय, घरी सोनं आहे. ॲपवरून पर्सनल घेण्यापेक्षा बरं पडेल का?

सदाशिवकर

रेट नाही विचारला हो. मी नुसता बाकावर बसलो होतो.

तिसरा_काउंटर

भोसरी, ॲपपेक्षा नक्की बरं, पण थेट बँकेत जा, जिन्यावर नको, व्याजात दोन-चार टक्क्यांचा फरक पडू शकतो. किती दागिने लागतील त्याचा हिशोब असा, आधी सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत मिळायचं, १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमात अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्क्यांपर्यंत देता येतं. मिळतंय म्हणून ८५ घेऊ नकोस, भाव पडला तर बँक लगेच फोन करते. व्याज दर महिन्याला भरायचं आहे का सगळं एकदम वर्षअखेरीला, हे सही करण्याआधी विचार. आणि पावतीवर प्रत्येक दागिना वेगळा, ठोक वजन आणि निव्वळ वजन दोन्ही लिहून घे. फेडल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिना परत मिळाला पाहिजे, नाहीतर दिवसाला पाच हजार भरपाई आहे त्याच नियमात.

बिलं कधी येणार आहेत?

भोसरी_एमआयडीसी

एकतीस तारखेला म्हणतायत. मागच्या एकतीस तारखेलाही हेच म्हणाले होते.